तिखटाची वकिलात

कोल्हापूरच्या माणसाला गाव सोडताना तिकीट, चष्मा आणि बीपीची गोळी घेऊन भागत नाही. गावाचं तिखटही त्याला बरोबर वागवावं लागतं. डब्यातलं नव्हे, लौकिकातलं. मुंबई, नागपूर, इंदूर, कुठंही जा, समोरच्याला 'कोल्हापूर' एवढं कळायचा अवकाश, तो वाढायला घेतलेली वाटी मागे घेत म्हणणारच, "अरे बापरे! मग तुम्हाला आमचं जेवण सपक लागत असणार!" यावर "नाही हो, मला सपकच मानवतं" असं खरं उत्तर द्यायची सोय नाही. पंचगंगेचं पाणी प्यायलेल्या सगळ्या पिढ्यांची अब्रू जाते. आपण नुसतं खर्जात हसायचं आणि म्हणायचं, "चालतंय की."

आता आतली गोष्ट सांगतो, बाहेर बोलू नका. कोल्हापुरात आम्ही दिवसरात्र जाळ गिळत नाही. नारळाचं दूध आणि खसखस घालून केलेला पांढरा रस्सा दात न आलेलं पोरही पिईल. 'व्हेज कोल्हापुरी' नावाची जी लालभडक भाजी परगावच्या हॉटेलांत मिळते, ती आमच्याकडच्या कुठल्या आजीनं केल्याचं ऐकिवात नाही. आणि माझ्यापुरतं बोलायचं तर निवृत्त झाल्यापासून मी आमटीतसुद्धा दही कालवून खातो. पित्त. खिशात चघळायच्या गोळ्यांची पट्टी कायम असते. हे सौभाग्यवतींना आणि कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला सोडून कुणाला ठाऊक नाही. औषधवाला पट्टी देताना इकडेतिकडे बघून देतो. तोही गावचाच आहे, त्यालाही काळजी आहे.

तर असा मी, पित्तानं गांजलेला तिखटाचा वकील, लेकीकडे सोलला गेलो. जावई पुण्याचे. पेठेतले. आमटीत गूळ घालणाऱ्या घरात वाढलेले. लग्नाच्या बोलाचालीत मी त्यांना ताटातला खर्डा दाखवून "झेपंल का?" असं विचारलं होतं आणि त्यांनी "नको, दुरून छान दिसतोय" असं उत्तर दिलं होतं. तेव्हापासून आमच्या घराण्यात त्यांचं स्थान ठरून गेलं होतं.

"बाबा, तुम्हाला चुनचॉनला नेतो," जावई म्हणाले. "तिथली डाकगाल्बी खाल्लीच पाहिजे. कोंबडीची असते. लाल, तिखट. म्हणजे तुम्हाला काही वाटायचं नाही म्हणा."

"चालतंय की," मी खर्जात म्हणालो आणि पँटच्या खिशातली पट्टी चाचपली.

सोलहून चुनचॉनला जायला झकास गाडी आहे, मधले दोन डबे तर दुमजली. पण वाटेत सौ.ना नामी बेट बघायचं होतं. लॉकडाउनमध्ये तिनं कोरियन मालिकांचा इतका फडशा पाडला होता की तिला सोलमधल्या गल्ल्या माझ्या घरच्या माणसांपेक्षा जास्त ओळखीच्या होत्या. 'विंटर सोनाटा' या २००२ सालच्या मालिकेचं चित्रीकरण या बेटावर झालेलं. त्या बेटानं गमतीत स्वतःला स्वतंत्र देश म्हणून जाहीर केलंय आणि तिकिटाला ते व्हिसा म्हणतात. कोरियाच्या व्हिसासाठी मी बँकेतले सगळे कागद दाखवून थकलो होतो. इथे पुन्हा 'व्हिसा' शब्द ऐकल्यावर पाकिटातून पेन्शनचा कागद काढून मी खिडकीसमोर उभा राहिलो. लेकीनं ओढून नेलं. बेटावर सौ. एका झाडाखाली उभी राहून रडली. का, ते मला अजून कळलेलं नाही. मालिकेत तिथं कुणीतरी कुणाला तरी सोडून गेलं होतं म्हणे. मी भुकेनं रडायच्या बेतात होतो.

चुनचॉनला डाकगाल्बीची अख्खी गल्ली आहे. दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं आणि प्रत्येकाच्या पाटीवर एकच दावा: मूळ आम्हीच. समोरचा नाही, शेजारचा तर मुळीच नाही. जावयांचे डोळे पाणावले. "घरची आठवण येते हो इथं," ते म्हणाले. भिंतींवर नटनट्यांच्या सह्या, टीव्हीवर दुकान झळकल्याचे फोटो. फक्त 'आमची कोठेही शाखा नाही' एवढं लिहायचं राहिलं होतं.

हा पदार्थ काही राजेरजवाड्यांचा नाही. १९६०च्या दशकात इथल्या एका खाणावळीत डुकराचं मांस मिळेना, तेव्हा कोंबडीला तोच मसाला चोळून निखाऱ्यावर भाजली, अशी कथा सांगतात. स्वस्त आणि पोटभर, त्यामुळे रजेवरचे सैनिक आणि कॉलेजातली पोरं यांनी तो डोक्यावर घेतला. पुढे निखारे जाऊन लोखंडी तवे आले. थोडक्यात, गरिबाघरी जन्मून नाव काढलेला पदार्थ. आपल्या मिसळीचंच गोत्र.

आत शिरताच आमचे कोट काढून घेऊन प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्यांत कोंबले गेले, वास लागू नये म्हणून. मग प्रत्येकाला एप्रन बांधला. आरशात पाहिलं तर मी केस कापायला बसल्यासारखा दिसत होतो आणि कापायला केस नव्हते. टेबलाच्या मध्यभागी परातीएवढा काळाकुळकुळीत तवा. टेबलाच्या कडेला एक बटण. ते दाबलं की वाढणारी बाई येते. माझं कोपर नेमकं त्याच्यावर टेकलं होतं. त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत बाई अनेकदा धावत आल्या आणि प्रत्येक वेळी मी त्यांना नमस्कार केला.

या बाईंना तिकडे 'इमो' म्हणायचं, म्हणजे मावशी. साठी उलटलेल्या, ठेंगण्या, आखूड कुरळ्या केसांच्या. एका हातात उलथनं, दुसऱ्या हातात कात्री.

"किती तिखट हवं विचारतायत," लेक म्हणाली.

"त्यांना सांग, आम्ही कोल्हापूरचे."

लेकीनं बरंच काही सांगितलं. इमोंनी मला आपादमस्तक न्याहाळलं, एप्रनवर नजर थबकली, आणि त्या दोन शब्द बोलून गेल्या.

"काय म्हणाल्या?"

"बघू या म्हणाल्या."

तेवढ्यात आजूबाजूच्या वाट्या आल्या. किमची, पिवळाधमक लोणच्याचा मुळा आणि प्रत्येकापुढे एक गार, निवळ पाण्याची वाटी, आत पांढऱ्या मुळ्याचे काप. मी मनात म्हटलं, लोकांची व्यवस्था चोख आहे. लिंबाऐवजी मुळा असेल, ज्याचा त्याचा देश. आणि बोटं बुडवली.

"अहो!" सौ. ओरडली. "ती पिताहेत लोकं!"

मुळ्याची पाणीदार किमची होती ती, डोंगचिमी. आंबवलेली, थंड, तिखटावर उतारा म्हणून ठेवलेली. मी बोटं तशीच बुडवून ठेवली आणि "गारवा बघत होतो" असं सांगितलं. शेजारच्या टेबलावर रजेवर आलेले चार सैनिक गणवेशात जेवत होते. त्यांनी सभ्यपणे माना वळवल्या.

मग तव्यावर सगळं ओतलं गेलं. मसाल्यात मुरवलेली कोंबडी, कोबी, कांद्याची पात, रताळ्याचे तुकडे, तांदळाच्या पिठाच्या बोटभर कांड्या आणि केन्निप नावाची पानं, तुळशी-पुदिन्याच्या कुळातली. सौ.नं रताळं पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"आज एकादशी तर नाही ना?"

आमच्या घरी रताळं उपासालाच येतं. कोंबडीच्या मांडीला मांडी लावून बसलेलं रताळं तिनं आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. फोनवर कालनिर्णय उघडून एकादशी नाही याची तिनं खात्री करून घेतली. तोच जावई म्हणाले, "आणि आई, याच्यासोबत इथं गार शेवया खातात, त्या कुट्टूच्या पिठाच्या असतात." कुट्टूही उपासाचा हे तिला उत्तर भारताच्या यात्रेत कळलं होतं. "म्हणजे हे लोक फराळातच कोंबडी घालतात?" असं म्हणून तिनं कानाच्या पाळ्यांना हात लावला आणि मग ताटली पुढे केली.

खरा छळ इथून सुरू झाला. तवा आपल्या नाकासमोर, आच आपल्या तोंडावर, पैसे आपले. पण उलथन्याला हात लावायचा नाही. परतणार इमो. त्या येणार, चार हात मारणार, निघून जाणार. मराठी माणूस रिक्षावाल्याला रस्ता सांगतो, गवंड्याला सिमेंटचं प्रमाण सांगतो, लग्नात भटजींना मुहूर्ताची आठवण करून देतो. समोर कोबी तव्याला लागतोय आणि तो गप्प बसेल? इमोंची पाठ वळताच मी उलथनं उचललं. त्यांनी पाठीनंच पाहिलं असावं. आल्या, उलथनं काढून घेतलं, माझ्या हातावर हलकी चापट मारली आणि परतून गेल्या.

"पण खाली लागतंय!" मी लेकीला म्हणालो.

"बाबा, त्या वर्षानुवर्षं हेच करतायत."

"अगं, म्हणूनच दुर्लक्ष होतं!"

दुसऱ्यांदा मी चमच्याच्या टोकानं हळूच एक कांडी सरकवली. तिसऱ्यांदा सौ.नं सरकवली आणि चापट मलाच बसली. मग इमोंनी कात्री घेऊन कोंबडीचे कराकरा तुकडे केले. "कात्रीनं!" सौ. कुजबुजली. विळीवर आयुष्य काढलेल्या बाईला हा धक्का मोठा होता. पण काही क्षणांत तिच्या डोळ्यांत जो विचार चमकला, तो परतल्यावर आमच्या शिलाईच्या कात्रीला महागात पडणार, हे मला दिसलं.

आधी रताळं आणि कांड्या खायच्या, कोंबडी शिजायची थांबायचं, असा हुकूम झाला. चॉपस्टिक पोलादी, चपट्या आणि गुळगुळीत. कांड्यासुद्धा गुळगुळीत. मी एक कांडी पकडली, तोंडाच्या दिशेनं नेली आणि ती सुटून शेजारच्या टेबलावरच्या सैनिकाच्या खांद्यावर जाऊन बसली. उत्तर कोरियाची सीमा तिथून फार लांब नाही. तणाव वाढवणारी कृती करू नये, एवढं मलाही कळतं. पण तो पोरगा उठला, त्यानं ती कांडी उचलली, कमरेत वाकला आणि दोन्ही हातांनी मला अदबीनं परत केली. आता ती खाल्ल्याशिवाय इलाज नव्हता. खाल्ली.

आणि गोड लागली.

मी चॉपस्टिक खाली ठेवल्या. घोट घेतला. सगळ्यांकडे एकवार पाहिलं. "हे तिखट?" मी विचारलं. "याला तुम्ही तिखट म्हणता? जावईबापू, यात तुमच्याकडच्यासारखा गूळ आहे!" आवाज जरा चढला असावा, कारण चारी सैनिक पुन्हा बघायला लागले. मी कोंबडीचा मोठा तुकडा घेतला, मग आणखी एक. "आमच्या खर्ड्याच्या नखाची सर नाही," असं एक वाक्य मी सुरू केलं.

ते पुरं झालं नाही. गोचुजांग नावाचं जे लाल वाटण यात असतं, ते चिकट तांदूळ, मिरची, आंबवलेलं सोयाबीन आणि मीठ मातीच्या बरण्यांत महिनोन्‌महिने मुरवून होतं. तांदळाचा गोडवा पुढे येतो. मिरची मागच्या दारानं येते. आपलं तिखट जिभेवर पडता क्षणी खणखणीत शिवी घालतं. हे आधी चौकशी करतं, मुलंबाळं कशी आहेत विचारतं, आणि आपण उत्तर द्यायला तोंड उघडलं की कानशिलात देतं.

पहिल्यांदा कान तापले. मग नाक वाहायला लागलं.

"एसी फार आहे," मी म्हणालो.

"एसी बंद आहे, अहो."

डोळ्यांतून धारा लागल्या. "कांद्याची पात," मी म्हणालो. टकलावर घाम आला, तव्याची धग. आणि मग उचकी लागली.

"तिखट लागलं का बाबा?" लेकीनं विचारलं.

"छे! कुणीतरी आठवण काढतंय." आपल्या पूर्वजांनी उचकीला हे कारण देऊन ठेवलंय, त्याबद्दल त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. "तुझा मामा असणार. त्याला आठवण काढायला हीच वेळ सापडते."

मामाचं नाव घेऊन पाहिलं. आत्याचं घेतलं. बँकेतल्या जुन्या शिपायापर्यंत गेलो. उचकी थांबेना.

आता इमो काळजीनं जवळ आल्या आणि काहीतरी विचारू लागल्या. जावयांनी मला सकाळी गाडीत एक वाक्य शिकवलं होतं: 'आन मेवोयो', म्हणजे तिखट नाही. मी ताठ बसलो आणि ते म्हणायला गेलो. पण दर वेळी 'आन' उचकीनं खाल्लं आणि तोंडातून निघालं नुसतं "मेवोयो!" म्हणजे तिखट आहे.

इमो धावत गेल्या आणि पाण्याची बाटली घेऊन आल्या. मी हात हलवून निक्षून सांगितलं, "हिक् मेवोयो!" पीच फळाचं गोड सरबत आलं. "सर्व्हिस," त्या म्हणाल्या. फुकट दिलेल्या वस्तूला तिकडे हाच शब्द आहे. मी उभा राहून, छातीवर हात ठेवून, शब्दन्‌शब्द सुटा करत म्हणालो, "हिक्... मेवोयो!" डोंगचिमीच्या दोन वाट्या आल्या. मग चीज आलं. मी जितक्या ठामपणे नाकारावं, तितकं माझ्यापुढं मदतकार्य वाढत गेलं. एका सैनिकानं स्वतःच्या टेबलावरचा भात आणून ठेवला, दोन्ही हातांनी.

आणि या सगळ्यात जावई शांतपणे जेवत होते. सावकाश, चवीनं, हिरव्या पानात तुकडा गुंडाळून. पेठेतला माणूस! कपाळावर घामाचा थेंब नाही. "थोडं सौम्य वाटतंय आज," ते लेकीला म्हणाले. तीन पिढ्यांच्या गुळावर त्यांनी सोलमधल्या ऑफिसच्या जेवणांनी पाणी फिरवलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी नजर चुकवली. तेवढी माणुसकी त्यांच्यात आहे.

"बाबा, खरं तर मिरची आपली नाहीच," जावई सांत्वनाच्या सुरात म्हणाले. पुण्याच्या माणसाचं सांत्वन माहितीपर असतं. पोर्तुगिजांनी ती अमेरिकेतून आणली, सोळाव्या शतकात गोव्यातून ती आपल्याकडे पसरली, आणि कोरियात ती साधारण त्याच शतकाच्या अखेरीस पोचली असं मानतात. त्याआधी आपले लोक मिऱ्यावर भागवत होते. "म्हणजे तिखटाचा अभिमान दोन्हीकडे उसनाच," ते म्हणाले.

"उसना असला तरी फेडायचा आम्हालाच आहे," मी म्हणालो आणि पुन्हा उचकी दिली.

तव्यावरचं संपत आलं तेव्हा इमोंनी उरल्यासुरल्या मसाल्यात भात टाकला, वर काळ्या समुद्रशेवाळाचा चुरा भुरभुरला, उलथन्यानं सगळं तव्यावर पातळ थापलं आणि निघून गेल्या. इथं मात्र आमचं घर जागं झालं. तळाला धरलेली भाताची खरवड काय असते हे आम्हाला कुणी शिकवायला नको. लेक आणि सौ. यांच्यात तिच्यावरून लहानपणापासून वैर आहे. चौघांचे चमचे एकदम तव्यावर पडले, लोखंड खरडल्याचा आवाज दुकानभर घुमला, सैनिकांनी जेवण थांबवलं. जावयांनी पहिला तुकडा सासूला दिला. हे मी कधी केलं नव्हतं, हे तिनं तिथल्या तिथं सगळ्यांना सांगितलं.

पैसे गल्ल्यावर जाऊन द्यायचे असतात. मी मुद्दाम पुढे झालो. घरच्यांची पाठ होती, तेवढ्यात खिशातून पट्टी काढून एक गोळी तोंडात टाकली. मान वर केली तर गल्ल्यामागे इमो उभ्या. त्यांनी पट्टीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पैसे द्यायला लेक माझ्यामागे आली होती. इमो तिच्याशी हलक्या आवाजात काही बोलल्या आणि लेकीला हसू आवरेना.

"काय म्हणतायत?"

"बाबा, त्या स्वतः हे खात नाहीत. पित्त आहे त्यांना. दुपारी घरून आणलेली सोयाबीनची आमटी आणि भात खातात. पण दुकानात कुणाला सांगायची सोय नाही म्हणाल्या, चुनचॉनचं नाव जातं."

मी पट्टी पुढे केली. दोन्ही हातांनी. इमोंनी दुकानात एकवार नजर फिरवली, गोळी घेतली आणि पटकन तोंडात टाकली. बदल्यात एप्रनच्या खिशातून त्यांनी त्यांची पुडी काढून मला दिली.

नेमका तेव्हाच फोन वाजला. मेहुणा. व्हिडिओ कॉल. मागे रंकाळा.

"काय भावजी! मघापासनं आठवण काढतोय तुमची!" तो ओरडला. मी सौ.कडे विजयानं पाहिलं, पण ती कोट शोधत होती. "मग? कोरियाचं तिखट कसं हाय? आपल्या पुढं टिकतंय का?"

मी गोळी गालात सरकवली. "काही दम नाही," म्हणालो. "आमटी म्हणून पिऊन टाकावं." आणि फोन इमोंकडे वळवला. काय विचारलं गेलं असेल ते त्यांना बरोबर कळलं. त्यांनीही आपली गोळी गालात ढकलली, कंबरेवर हात ठेवले आणि कोल्हापूरला ठणकावून सांगितलं, "मेवोयो! चिन्चा मेवोयो!"

"काय म्हणत्यात?"

"म्हणतायत, असा गडी पाहिला नव्हता."